वाचकांचे प्रश्न : सांडपाण्यातील शेवाळ आणि जिवाणू

सांडपाण्याविषयी या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, परंतु पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच असल्यामुळे ते आधी वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या गावाची लोकसंख्या सुमारे २,००० आहे. घरोघरी नळ आल्यापासून गटारे वाहती झाली असून ते सगळे पाणी ओढ्याला मिळते. शौचालयांचे खड्डे वेगळे आहेत. एका विक्रेत्याने शेवाळ आणि जिवाणू यांची पूड तळ्यात टाकली की विजेशिवाय पाणी शुद्ध होते, असे सांगून ग्रामपंचायतीकडे प्रस्ताव दिला आहे. यात तथ्य किती? — ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

उत्तर : पद्धत खरी आहे, पुडीची मात्र गरज नाही. सांडपाण्यात जिवाणू मुळातच असतात आणि उघड्या, उन्हातल्या पाण्यात शेवाळ वाऱ्याबरोबर, पक्ष्यांच्या पायांबरोबर आपोआप येते. सुरुवात लवकर व्हावी असे वाटत असेल, तर शेजारच्या एखाद्या हिरव्या डबक्यातले चार बादल्या पाणी तळ्यात ओतले तरी पुरते.

गटाराच्या पाण्यात अन्नाचे कण, साबण, तेल, मळ अशी सेंद्रिय घाण असते. जिवाणू ती खातात, आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. पाण्याला जेवढा ऑक्सिजन लागेल, त्यावरून घाणीचे माप ठरवले जाते. यालाच जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी किंवा बीओडी म्हणतात. जिवाणूंचा खाण्याचा वेग इतका असतो की हवेतून पाण्यात मुरणारा ऑक्सिजन त्यांना पुरत नाही. तो संपला की ऑक्सिजनाविना जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते, पाणी काळे पडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणूनच शहरातल्या केंद्रांत मोठमोठे पंप लावून पाण्यात हवा फुंकतात, आणि अशा केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक वीज या एका कामावर खर्च होते.

ते काम येथे शेवाळ करते. दिवसा प्रकाशसंश्लेषण करताना ते पाण्यातच ऑक्सिजन सोडते आणि तो थेट जिवाणूंना मिळतो. जिवाणू श्वसनातून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो शेवाळाला मिळतो. घाण कुजताना सुटलेला अमोनिया आणि फॉस्फेट हे शेवाळाचे खत. क्लोरेला, सिनेडेस्मस यांसारखी एकपेशीय शेवाळे अशा पाण्यात चांगली वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब धरला तर क्लोरेलाच्या गोल हिरव्या पेशी मोहरीसारख्या विखुरलेल्या दिसतात, सिनेडेस्मसच्या चार-चार पेशी एका ओळीत चिकटलेल्या दिसतात, आणि त्यांच्या अवतीभोवती जिवाणूंचे करडे पुंजके असतात. हा व्यवहार दोघांच्याही गरजेचा आहे. शेवाळांच्या निम्म्याहून अधिक जातींना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून मिळावे लागते, आणि ते तयार करण्याचे काम जिवाणूच करतात.

ही जोडी अभियांत्रिकीच्या चौकटीत बसवण्याचे श्रेय प्रामुख्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विल्यम ऑस्वाल्ड यांच्याकडे जाते. त्यांनी आणि हॅरॉल्ड गोटास यांनी १९५७ मध्ये सांडपाण्यातील प्रकाशसंश्लेषणाचा सविस्तर हिशोब मांडला, आणि त्यातून उथळ, वळणावळणाच्या, सतत हलत्या पाण्याच्या तळ्यांची रचना पुढे आली. भारतात नागपूरच्या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज नीरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, याच तत्त्वावरच्या साध्या स्थिरीकरण तळ्यांवर (सांडपाणी उन्हात साठवून शुद्ध करणाऱ्या तळ्यांवर) साठच्या दशकात काम केले. तेव्हा सातासमुद्रापलीकडून कोणी नवी किमया आणली आहे, असा समज करून घेऊ नये.

आता आपल्या गावाचा हिशोब. माणशी ५५ लिटर पाणी धरले आणि त्यातले ८० टक्के गटारात आले, तर रोज ८८,००० लिटर, म्हणजे ८८ घनमीटर सांडपाणी होते. हे पाणी तळ्यात सरासरी सहा दिवस राहावे लागते, म्हणजे ५२८ घनमीटर साठवण हवी. खोली मात्र ३० सेंटिमीटरच्या आसपासच ठेवावी लागते, कारण हिरव्या पाण्यात सूर्यप्रकाश फार खाली उतरत नाही. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग १,७६० चौरस मीटर, सुमारे साडेसतरा गुंठे झाला. बांध, सुरुवातीची गाळ बसवण्याची टाकी आणि शेवटचे निवळण्याचे तळे धरून पाऊण एकर तरी जागा हाताशी असावी. पाणी संथपणे फिरत राहावे म्हणून पात्यांचे एक चाक लावतात. त्याला थोडी वीज लागतेच, पण हवा फुंकण्याच्या तुलनेत ती अगदी कमी असते. अजिबात वीज न वापरता खोल, स्थिर तळी करता येतात, पण त्यांना कितीतरी अधिक जागा लागते.

शौचालयांचे पाणी वेगळे असल्याने गटाराच्या पाण्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम धरू. मग रोजची मागणी १७ ते १८ किलो होते. आपल्याकडच्या उन्हात दर चौरस मीटरला रोज १० ग्रॅम कोरडे शेवाळ सहज वाढते, म्हणजे तळ्यात रोज सुमारे १८ किलो शेवाळ तयार होईल. आणि एक किलो शेवाळ वाढताना सुमारे दीड किलो ऑक्सिजन सुटतो, म्हणजे रोज २६ किलो ऑक्सिजन मिळेल. हिशोब जमला.

परंतु याच हिशोबाची दुसरी बाजू विक्रेते सांगत नाहीत, आणि मला आपल्याला आग्रहाने सांगायची आहे ती तीच. ८८ घनमीटर पाण्यात १८ किलो शेवाळ म्हणजे लिटरला सुमारे २०० मिलिग्रॅम. तळ्यात शिरताना पाण्यात जेवढी घाण होती, जवळजवळ तेवढ्याच वजनाचे शेवाळ घेऊन ते बाहेर पडते. हे हिरवे पाणी तसेच ओढ्यात सोडले, तर पुढे सावलीत, खोल डोहात ते शेवाळ मरते, कुजते आणि दिलेला सगळा ऑक्सिजन परत मागते. एका लहान शहराच्या अशा तळ्यावर मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. तळे सुरेख चालले होते, दुपारी पाण्यावर बुडबुड्यांचा फेस होता, वास नव्हता. आणि बाहेर पडणारा हिरवा प्रवाह सरळ नाल्यात जात होता. अर्धा किलोमीटर खाली गेल्यावर तोच नाला काळा आणि दुर्गंधी सुटलेला होता. शेवाळ काढून घेण्याची सोय आराखड्यात होती, बांधकामात नव्हती.

शेवाळाच्या पेशी माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान असतात. शिवाय त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्याने त्या एकमेकींपासून दूर राहतात आणि खाली बसत नाहीत. येथेही जिवाणूच मदतीला येतात. ते जे चिकट पदार्थ स्रवतात त्यांत शेवाळाच्या पेशी अडकतात आणि त्यांचे पुंजके होतात. असे पुंजके स्थिर पाण्यात थोड्याच वेळात तळाशी जातात. म्हणून निवळण्याच्या टाकीत बसलेल्या गाळापैकी थोडा भाग रोज परत तळ्यात सोडावा. त्यामुळे बसणाऱ्या जाती तळ्यात टिकतात आणि तरंगत राहणाऱ्या वाहून जातात. पावसाळ्यात ढगाळ दिवसांत पुंजके सैल पडले, तर तुरटी वापरून निवळवता येते, पण रोज तुरटी टाकायची तर खर्च आणि गाळ दोन्ही वाढतात.

तेव्हा प्रस्ताव देणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: शेवाळ कोठे आणि कसे काढणार, रोज निघणारा गाळ कोठे जाणार आणि ते काम कोणता माणूस करणार. पातळ गाळाच्या रूपाने तो रोज ५०० लिटरच्या घरात भरेल, एवढे ध्यानात ठेवावे. उत्तरे समाधानकारक नसतील आणि जागा कमी असेल, तर शोषखड्डे आणि परसबागा हाच मार्ग गावासाठी अधिक चांगला आहे. डासांची भीती मात्र हलत्या पाण्याच्या तळ्याला फारशी नसते. काठावरचे गवत नियमित काढले पाहिजे, कारण डास होतात ते काठाच्या गवतातल्या साचल्या पाण्यात.

प्रश्न : उजनीचे पाणी हिरवे झाले की प्रदूषण वाढले असे म्हणतात, आणि आमच्या तलावात पाणी हिरवे झाल्यावर पहाटे मासे मरून वर आलेले आम्ही पाहिले आहेत. मग तेच शेवाळ सांडपाण्याच्या तळ्यात उपकारक कसे? — वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपण पाहिलेली पहाटेची वेळच या प्रश्नाचे उत्तर आहे. शेवाळ ऑक्सिजन सोडते ते फक्त उजेडात; श्वसन मात्र ते रात्रंदिवस करते. हिरव्यागार तळ्यात दुपारी तीन वाजता विरघळलेला ऑक्सिजन मोजला तर तो लिटरला १५ मिलिग्रॅमच्याही वर जाऊ शकतो, जेव्हा आपल्या हवामानात पाण्याची नेहमीची धारणक्षमता ७ ते ८ मिलिग्रॅम असते. सूर्य मावळला की शेवाळ आणि जिवाणू दोघेही तो वापरू लागतात, आणि पहाटे पाच-साडेपाचला तो शून्याजवळ येतो. मासे त्या शेवटच्या तासा-दोन तासांत गुदमरतात.

सांडपाण्याच्या तळ्यात मासे नसले तर ही घसरण चालून जाते. दुपारच्या वेळी तर एक फायदाही होतो. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका शोषून घेते की पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ९ किंवा त्याच्याही वर जातो. त्या सामूला काही अमोनिया हवेत निघून जातो, फॉस्फेट कॅल्शियमशी बांधले जाऊन खाली बसते, आणि उन्हाच्या जोडीने आतड्यातले रोगजंतू मोठ्या प्रमाणात मरतात. अर्थात केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार प्रक्रिया केलेल्या पाण्याचा सामू ६.५ ते ९ च्या दरम्यान असावा लागतो, त्यामुळे भर दुपारी पाणी सोडताना जपावे लागते.

उजनीची गोष्ट निराळी आहे आणि ती माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पुणे परिसराचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांच्या वाटेने भीमेत आणि तेथून उजनीत येते. नेहमीच्या पद्धतीची केंद्रे बीओडी कमी करतात, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस काढण्याची खास सोय नसेल, तर या खतांचा मोठा भाग पाण्यात तसाच राहतो. ते खत नदीत जलपर्णी पोसते आणि धरणात शेवाळ. म्हणजे शेवाळ वाढायचे ते वाढतेच. प्रश्न एवढाच की ते आपण आखलेल्या तळ्यात वाढवून बाहेर काढायचे, की पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात वाढू द्यायचे. शेवाळाच्या कोरड्या वजनात ७ ते १० टक्के नायट्रोजन आणि साधारण १ टक्का फॉस्फरस असतो, आणि जेवढे शेवाळ बाहेर काढू तेवढे खत नदीत जायचे वाचते. जलाशयात होते ते बहुधा निळे-हिरवे शेवाळ, जे खरे तर जिवाणूंच्याच कुळातले आहे. त्यातील मायक्रोसिस्टिससारख्या जाती यकृताला घातक विष तयार करतात. म्हणून हिरवा तवंग आलेले पाणी गुरांनाही पाजू नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीत २०० सदनिका आहेत. सांडपाणी केंद्राच्या विजेचा खर्च परवडत नाही. गच्चीवर शेवाळाची तळी करता येतील का? — सोसायटीच्या सचिव, पुणे

उत्तर : नाही. सदनिकेत चार माणसे धरली तर ८०० रहिवाशांचे सांडपाणी माणशी १०८ लिटरप्रमाणे रोज ८६,४०० लिटर होते, आणि त्यात शौचालयांचेही पाणी असल्याने घाण दाट असते. सहा दिवसांचा साठा म्हणजे गच्चीवर ५०० टनांहून अधिक वजन. इमारतीचा आराखडा त्यासाठी केलेला नसतो. आपल्याकडे हवा फुंकणाऱ्या यंत्रांच्या नळ्या आणि जाळ्या तुंबल्या आहेत का, आणि गरज नसताना यंत्रे पूर्ण वेगाने चालतात का, हे आधी तपासून घ्यावे. बचत तेथेच सापडण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न : भारतात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर कोठे यशस्वी झाली आहे का? आणि काढलेल्या शेवाळाचा शेतकऱ्याला काय उपयोग? आमच्या भागात साखर कारखाना आणि आसवनी आहे, तेथील पाण्यावर हे चालेल का? — शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : यशस्वी झाली आहे, आणि तीही अभियंत्यांच्या आधी मच्छीमारांच्या हातून. कोलकाता शहराचा उतार पूर्वेकडे आहे. शहराचे मैलापाणी कालव्यांनी त्या दिशेच्या पाणथळ प्रदेशात जाते, आणि तेथील मच्छीमार गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून ते पाणी आपल्या उथळ तळ्यांत, ज्यांना ते भेरी म्हणतात, घेत आले आहेत. पाणी आत घेतल्यावर लगेच मासे सोडत नाहीत. पाणी उन्हात राहू देतात, काळ्याचे हिरवे होऊ देतात, आणि रंग व वास पाहून मगच मत्स्यबीज सोडतात. पुढेही सांडपाणी थोडे थोडे, बेताने घेतात. रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे त्या तळ्यांतल्या अन्नसाखळीवर वाढतात. पहिल्या उत्तरात ज्या अडचणीवर मी एवढा भर दिला, ती शेवाळ बाहेर काढण्याची अडचण येथे माशांनी सोडवली आहे: शेवाळ माशाच्या पोटात जाते आणि मासा जाळ्यातून बाजारात. ध्रुबज्योती घोष हे पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेतील अभियंते शहराचे सांडपाणी शेवटी जाते कोठे याचा शोध घेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या प्रदेशात पोहोचले, आणि जी गोष्ट हजारो कुटुंबे रोज करीत होती तिचे शास्त्रीय मोल त्यांनी जगापुढे मांडले. १९९२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने तेथील जमिनीच्या वापरात बदल करण्यास मनाई केली, आणि २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरचा हा प्रदेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला. तरीही इमारती त्याच्या कडा कुरतडत आहेत, याचे मला फार वाईट वाटते, कारण असे तळे एकदा बुजवले की त्या जागी केंद्र बांधता येईल, पण पाण्याचा रंग पाहून तळ्याचे दार उघडणारा माणूस परत आणता येणार नाही.

आपल्या भागात मासे नकोत असे वाटत असेल, तर काढलेला गाळ गोबरगॅसमध्ये शेणाबरोबर घालता येतो. नुसते शेवाळ घालू नये. त्यात नायट्रोजन इतका अधिक असतो की टाकीत अमोनिया साचून वायू बनवणारे जिवाणू मंदावतात. शिवाय क्लोरेलासारख्या शेवाळाची पेशीभित्ती चिवट असल्याने ते लवकर पचत नाही. शेणात किंवा काडीकचऱ्यात कार्बन अधिक असल्यामुळे मिश्रण चांगले जमते. टाकीतून बाहेर पडलेली स्लरी शेताला चांगली. उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये मिसळण्यासही हरकत नाही. सांडपाण्यावर वाढलेले शेवाळ जनावरांच्या खाद्यात मात्र घालू नये, मग विक्रेता प्रथिनांचे आकडे काहीही दाखवो, कारण शेवाळ जड धातू आणि औषधांचे अंश आपल्यात साठवून ठेवते आणि रोगजंतूंचा प्रश्नही उरतोच. पाणी भाजीपाल्याला द्यायचे असेल, तर शेवटचे तळे स्थिर आणि काही दिवसांच्या साठ्याचे असावे, कारण जंतांची अंडी हलत्या पाण्यात बसत नाहीत, स्थिर पाण्यात बसतात.

आसवनीच्या मळीचे पाणी या पद्धतीला सरळ घालता येणार नाही. त्याचा बीओडी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमपर्यंत असतो, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याचा गडद तपकिरी रंग. ज्या पाण्यात बोटभर खोल उजेड जात नाही, त्यात शेवाळ जगणार कसे? त्यावर आधी बंद टाकीतली वायू देणारी प्रक्रियाच करावी लागते.

प्रश्न : आठवीच्या वर्गाला हे प्रत्यक्ष दाखवता येईल का? — शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दाखवता येईल, पण गटाराचे पाणी मुलांच्या हाती देऊ नये. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी घ्यावे, त्यात चौपट साधे पाणी मिसळावे, आणि एका हिरव्या डबक्यातले कपभर पाणी घालून ते तीन सारख्या काचेच्या बरण्यांत ओतावे. तोंडाला फडके बांधावे. दोन बरण्या खिडकीत उजेडात ठेवाव्यात, मात्र कडक उन्हात तापू देऊ नयेत. तिसरी बरणी काळ्या कागदात गुंडाळून शेजारीच ठेवावी, म्हणजे तापमान सारखे राहील. रोज सकाळी आणि दुपारी मुलांनी रंग, वास आणि काचेला चिकटलेले बुडबुडे वहीत टिपावेत. पहिले काही दिवस तिन्ही बरण्या आंबुस लागतील. आठवडा-दहा दिवसांत उजेडातल्या दोन्ही बरण्यांत हिरवा रंग चढेल, दुपारी काचेवर बारीक बुडबुडे धरतील आणि आंबुस वास जाईल. अंधारातली बरणी गढूळच राहील.

येथे प्रयोग थांबवू नये. दोन हिरव्या बरण्यांपैकी एक दिवसभर न हलवता ठेवावी, वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढावे आणि तेही शक्यतो जाड सुती फडक्याच्या चार घड्यांतून गाळून घ्यावे. दुसरी हिरवी बरणी आहे तशीच राहू द्यावी. मग गाळलेले पाणी आणि ती हिरवी बरणी, दोन्ही काळ्या कागदात गुंडाळून आठवडाभर अंधारात ठेवावीत, आणि आठव्या दिवशी मुलांना दोन्हींची फडकी सोडून वास घ्यायला सांगावे.